सेपरेट पासिंग की कंबाइंड पासिंग? कोणत्या नियमाने निकाल जास्त चुकतो?

परीक्षा_कक्ष (इंदूर)

आमच्या स्वायत्त कॉलेजच्या परीक्षा समितीपुढे पासिंगचा नियम बदलायचा प्रस्ताव आहे. सेमेस्टरला सहा पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. त्यातले ३० अंतर्गत (सीसीई) आणि ७० लेखी. सध्या अंतर्गतमध्ये ४० टक्के, लेखीत ४० टक्के आणि सहाही पेपर वेगवेगळे पास (सेपरेट पासिंग), असा नियम आहे.

प्रस्ताव अ : अंतर्गत आणि लेखी मिळून ४० असले की पेपर सुटला.
प्रस्ताव ब : सहाही पेपरांची सरासरी ४० असली की सेमेस्टर सुटलं.

बैठकीत एक बाजू म्हणते दर्जा घसरेल, दुसरी म्हणते पोरांवर अन्याय होतो, आणि दोघांच्याही हातात आकडा नाही. कोणत्या नियमाने पास व्हायला हवा तो नापास होतो आणि नापास व्हायला हवा तो पास होतो, हे मोजून कसं सांगायचं? पुढची बैठक अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आहे. रात्रभर झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून आलेल्या सदस्यांना समजेल असं काहीतरी हवं.

शेषफल (ग्वाल्हेर)

मोजता येतं. फक्त तीन गोष्टी हव्यात: गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत), पेपरची विश्वसनीयता (० ते १; गुणांतल्या फरकाचा किती भाग खरा, किती नुसता योगायोग) आणि पासची रेषा.

समजा पेपरचं प्रमाण विचलन १५ आहे आणि विश्वसनीयता ०.७०. वर्णनात्मक उत्तरांच्या पेपरला हा काही वाईट आकडा नाही. मापनातली प्रमाण त्रुटी = १५ × √(१ − ०.७०) = ८.२ गुण. म्हणजे त्याच तोडीचे अनेक पेपर दिले तर ज्याची सरासरी ४५ येईल (याला ‘खरा गुण’ म्हणू), त्याला एखाद्या दिवशी ३७ पडतात, एखाद्या दिवशी ५३.

आता ४० ची रेषा. ४५ मधून ४० वजा केले, ८.२ ने भागले: ०.६१. एक्सेलमध्ये नॉर्म.एस.डिस्ट या फंक्शनात ०.६१ घालून दुसऱ्या जागी ट्रू लिहा, ०.७२९ मिळेल. खरा गुण ४५ असलेला मुलगा एका पेपरात पास व्हायची शक्यता ७३ टक्के.

सहाही पेपर वेगवेगळे पास करायचे तर ०.७२९ चा सहावा घात: ०.१५. सहाही विषयांत लायक असलेला हा मुलगा पहिल्या फटक्यात ‘ऑल क्लिअर’ व्हायची शक्यता फक्त १५ टक्के. खरा गुण ५० असला तरी सगळं सुटायची शक्यता जेमतेम ४९ टक्के.

सरासरी घेतली की त्रुटी √६ ने कमी होते: ८.२ ÷ २.४५ = ३.३५. त्याच ४५ वाल्याची शक्यता ९३ टक्क्यांवर जाते.

आता दुसरी बाजू. खरा गुण सगळीकडे ३५ असलेला, म्हणजे नापासच व्हायला हवा असा मुलगा. सेपरेट पासिंगमध्ये तो सहाही पेपर एकदम काढेल ही शक्यता १०,००० मध्ये ४. सरासरीच्या नियमात सुमारे ७ टक्के.

म्हणजे ‘दर्जा घसरेल’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. सेपरेट पासिंग चुकीचा पास जवळजवळ शून्यावर आणतं, पण त्यासाठी चुकीच्या नापासांचा ढीग लावतं. दोन्ही चुकांचं वजन समितीने ठरवायचं, ते संख्याशास्त्र ठरवत नाही. आणि हे सगळे आकडे रेषेजवळच्या मुलांचे आहेत. बॅचची सरासरी ६० असेल तर अशी मुलं थोडी, ४५ असेल तर अर्धा वर्ग.

छत्रीबाग (इंदूर)

शेषफल सर, गणित बरोबर आहे, पण पाच पेपरांत खरा गुण ५० आणि एका पेपरात २० असलेली मुलगी घ्या. सरासरी ४५. तुमच्या ‘ब’ मध्ये ती ९३ टक्के पास. तो सहावा पेपर औषधमात्रेचा हिशेब असेल तर? नर्सिंग-फार्मसीवाल्यांना हे परवडणार नाही.

तुमच्या हिशेबात ही मुलगी पास झाली की ‘निर्णय अचूक’ धरला जातो, कारण तिचा खरा सरासरी गुण ४५ आहे. सेपरेटच्या चष्म्यातून हाच निर्णय चुकीचा पास ठरतो. अचूकता कशाच्या तुलनेत, हे आधी लिहून घ्या. नाहीतर प्रत्येक नियम स्वतःच्याच मोजपट्टीवर पहिला येतो.

शिवाय घात चढवताना सहा पेपर एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत. खरंच तसे असतात?

शेषफल (ग्वाल्हेर)

ताई, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य.

दुसऱ्याबद्दल: गुण स्वतंत्र नसतात, हुशार पोरगा सगळीकडे हुशार असतो. पण मी खरा गुण ४५ वर पक्का धरल्यावर फक्त त्रुटी उरते, आणि ती बहुतांशी स्वतंत्र असते. कोणता प्रश्न आला, कोणाच्या हातात उत्तरपत्रिका गेली, हे पेपरागणिक बदलतं. अपवाद एकच: दहा दिवसांत सहा पेपर उरकले आणि मुलगा तापाने फणफणलेला असला तर सहाही एकदम खाली जातात. अशी सामायिक त्रुटी जितकी जास्त तितकं सेपरेट पासिंग १५ टक्क्यांइतकं वाईट राहत नाही आणि सरासरी ९३ इतकी चांगली राहत नाही. सेमेस्टरभर पसरलेल्या अंतर्गत चाचण्यांचा खरा उपयोग इथे आहे, वेगळ्या दिवशीची वेगळी त्रुटी.

उत्तरपत्रिका (इंदूर)

अंतर्गतचं नाव निघालंच आहे तर प्रस्ताव ‘अ’ ची चिरफाड करू या. कागदावर वजन ३० : ७०. प्रत्यक्षात अंतर्गतचे गुण कुठे असतात? ३० पैकी २४ ते २८. कोणाचा रोष नको, कोणाशी वाद नको. प्रमाण विचलन २ धरा. लेखीचं ७० पैकी १२. दोन्हींतला सहसंबंध ०.३.

एकूण प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) : ४ + १४४ + २ × (०.३ × २ × १२) = १६२.४.
अंतर्गतचा वाटा : (४ + ७.२) ÷ १६२.४ = ६.९ टक्के.

तीस टक्के म्हणून छापलेलं वजन सात टक्क्यांवर आलं. घटकाचं वजन त्याच्या कमाल गुणांवरून ठरत नाही, गुण किती पसरलेत त्यावरून ठरतं. आणि विश्वसनीयता? अंतर्गतची ०.५० आणि लेखीची ०.७० धरली तर त्रुटीचं प्रचरण २ + ४३.२ = ४५.२, म्हणून एकत्रित विश्वसनीयता १ − ४५.२ ÷ १६२.४ = ०.७२. दोन शतांशांनी वाढली. एवढ्यासाठी एवढा खटाटोप.

मग ‘अ’ ने बदलतं काय? रेषा. ज्याला अंतर्गत २६ आहेत त्याला पास व्हायला लेखीत ७० पैकी १४ पुरतात. आज २८ लागतात. मिश्रणाने अचूकता वाढल्याचा आव आणला जाईल आणि खरं काम होईल ते लेखीची अट निम्मी करण्याचं. करायची तर उघड करा, अंतर्गतच्या आडून नको.

काही ठिकाणी अंतर्गत आणि लेखी दोन्ही समान प्रमाण विचलनावर आणून मग ३० : ७० च्या वजनाने बेरीज करतात. त्याने वजन दुरुस्त होतं, पण विश्वसनीयता ०.५० असलेल्या घटकाचा आवाज वाढतो, म्हणजे गोंगाटही वाढतो. आधी अंतर्गत नीट घ्या: सेमेस्टरला दोनाऐवजी चार छोट्या चाचण्या, प्रत्येकीचा उत्तरनमुना आधी लिहिलेला, उपस्थितीचे गुण त्यात न मिसळता. मग वजनाचा विचार.

परीक्षा_कक्ष (इंदूर)

हे डोळे उघडणारं आहे. एक विचारते. आमच्याकडे मागच्या निकालाची फाइल आहे, सहा पेपरांचे एकूण गुण. त्यावर क्रॉनबाख अल्फा (घटकांतल्या सहसंबंधावरून विश्वसनीयतेचा अंदाज देणारं सूत्र) काढला तर ०.६० आला. म्हणजे आमचे पेपरच कुचकामी आहेत का? पेपरांतला सरासरी सहसंबंध ०.२ आहे.

शेषफल (ग्वाल्हेर)

नाही. अल्फा चुकीच्या जागी लावलाय. सहा पेपरांना सहा ‘प्रश्न’ समजून अल्फा काढला की विषयाविषयांतला खराखुरा फरकही त्रुटीत मोजला जातो. गणितात चांगली आणि हिंदीत कच्ची, ही माहिती आहे, त्रुटी नाही.

तुमच्याच आकड्यांवर करून पाहा. प्रत्येक पेपरचं प्रचरण २२५, विश्वसनीयता ०.७० असेल तर त्रुटी प्रत्येकी ६७.५, सहांची ४०५. बेरजेचं प्रचरण ६ × २२५ + ३० × ४५ = २७००. विश्वसनीयता १ − ४०५ ÷ २७०० = ०.८५. अल्फा ०.६० सांगत होता! सहसंबंध ०.५ असता तर हीच विश्वसनीयता ०.९१ आली असती आणि अल्फा ०.८६.

पण ०.२ हा आकडा वेगळीच गोष्ट सांगतो. त्रुटीची भेसळ काढली तरी तो ०.२ ÷ ०.७० = ०.२९ च होतो. हे सहा पेपर एकच गोष्ट मोजत नाहीत. मध्य प्रदेशात २०२१–२२ पासून नवं शिक्षण धोरण आलं, तेव्हापासून एकाच वेळी मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, आधार पाठ्यक्रम (फाउंडेशन कोर्स) असं सगळं असतं. त्या सगळ्यांची सरासरी विश्वसनीय येईल, पण ती कशाची सरासरी हे सांगता येणार नाही. छत्रीबाग ताईंचा मुद्दा तो हाच.

प्रत्येक पेपरची विश्वसनीयता काढायला एकूण गुण चालणार नाहीत, प्रश्नवार गुण लागतील. ते उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात असतात, फक्त कोणी टाइप करत नाही. पेपरमागे २०० प्रती पुरतात. मात्र सगळ्या वर्गातून काढा, वरच्या गठ्ठ्यातून नको. त्यात तीन अडचणी येतात.

‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’ असेल तर अर्धा तक्ता रिकामा. रिकाम्या जागी शून्य घालू नका. सक्तीच्या प्रश्नांचा विभाग वेगळा मोजा, आणि सगळंच पर्यायी असेल तर तो पेपर मोजणीतून वगळा.

दुसरं, एकाच परीक्षकाने अख्खी प्रत तपासली तर पहिल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडते आणि अल्फा फुगतो. ५० प्रती दुसऱ्या परीक्षकाकडून, आधीचे गुण झाकून, तपासून घ्या. दोघांतल्या फरकाचं प्रमाण विचलन ÷ √२ म्हणजे तपासणीतली त्रुटी.

तिसरं, मॉडरेशननंतरचे (निकालाआधी फेरफार केलेले) गुण घेऊ नका.

उत्तरपत्रिका (इंदूर)

तिसऱ्याला जोड. गुणांचा एकेका गुणाच्या टप्प्याचा आलेख काढा. ३६ ते ३९ ओसाड आणि ४०–४१ वर सुळका दिसला तर समजा परीक्षकांनीच आपापली कंबाइंड पासिंग चालू केली आहे. त्या पट्ट्यातला गुण हे मापन राहिलेलं नाही, तो आधीच घेतलेला निर्णय आहे. अशा फाइलवर कितीही सूत्रं लावा, रेषेजवळची अचूकता खोटीच येणार.

सयाजीबाग (वडोदरा)

दोन दिवस वाचतोय. कोणी पुनर्परीक्षेचं नावच काढलं नाही. एटीकेटी, पूरक, बॅकलॉग, काहीही म्हणा, तोही एकत्र करण्याचाच एक नियम आहे: ‘अनेक प्रयत्नांतला सर्वांत चांगला’.

शेषफलांचेच आकडे घेतो. प्रत्येक पेपरला एकूण तीन प्रयत्न, मधल्या काळात काही शिकला नाही असं धरून.

खरा गुण ४५ : एक पेपर सुटायची शक्यता १ − ०.२७१³ = ९८ टक्के, सहाही सुटायची ८९ टक्के.
खरा गुण ३५ : एक पेपर ६१ टक्के, सहाही ५.३ टक्के.

बघा, ‘कडक’ सेपरेट पासिंग तीन प्रयत्नांसकट धरलं तर जवळपास सरासरीच्या नियमावरच येऊन उभं राहतं: तिकडे ९३ आणि ७, इकडे ८९ आणि ५. पाच प्रयत्न दिले तर ३५ वाला सहाही पेपर काढायची शक्यता २५ टक्के होते. दर्जाची भाषा करणाऱ्यांनी प्रयत्नांची मर्यादाही सांगावी.

फरक खर्चाचा आहे. ४५ वाल्याचे पहिल्या फटक्यात सरासरी १.६ पेपर राहतात. लायक मुलाच्या माथी दीड पेपरचा फॉर्म, फी, पुन्हा हॉल तिकीट, आणि तुमच्या माथी पुन्हा पेपर काढणं, तपासणं, टॅब्युलेशन.

मधला रस्ता म्हणून ‘एका पेपरात माफी’ तपासून पाहिली. सहापैकी पाच पास असले की सेमेस्टर सुटलं. ४५ वाल्याची पहिल्या फटक्यातली शक्यता १५ वरून ४८ टक्क्यांवर. ३५ वाल्याची? ०.७ टक्के. या अख्ख्या धाग्यात इतका स्वस्त सौदा दुसरा नाही. माफीच्या पेपरात किमान ३० ची अट घातली तरी ४४ टक्के राहते.

ग्रेस गुणांबद्दल एवढंच: तीन गुण ग्रेस म्हणजे रेषा ३७. ४५ वाला ७३ वरून ८३ वर जातो, आणि ३५ वालाही २७ वरून ४० वर. रेषा हलली, मापन होतं तेवढंच राहिलं.

छत्रीबाग (इंदूर)

३० ची अट आणली ते बरं केलंत. असे मिश्र नियम आपल्याकडे नवे नाहीत. सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, दोन्ही हवं. वर एखाद्या पेपरात ६० मिळाले आणि ग्रुप राहिला तर त्या पेपरची सूट पुढच्या तीन प्रयत्नांपर्यंत चालते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषा आणि इंग्रजी हे पेपर २५ टक्क्यांचे नुसते पात्रतेचे, त्यांचे गुण बेरजेत नाहीत. बाकी निबंध, सामान्य अध्ययन, वैकल्पिक विषय आणि मुलाखत यांची बेरीज. म्हणजे ज्या गोष्टीची उणीव दुसरीने भरून निघत नाही ती दारात उभी केली, भरून निघते ती बेरजेत.

पण किमान अट किती यावर जीव अडकतो. सहाही पेपरांत किमान ३० आणि सरासरी ४० ठेवली तर ४५ वाला एका पेपरात ३० खाली जायची शक्यता ३.४ टक्के. सहांत मिळून ती १९ टक्के होते. म्हणजे सरासरीने ९३ मिळवलेले, ते किमान अटीपायी ७५ ते ८१ च्या दरम्यान येतात. ‘नुसती किमान अट’ म्हणून जी घालतो ती सहा वेळा मोजली जाते. म्हणून जिथे खरंच हवी तिथेच घाला. औषधमात्रा, प्रात्यक्षिकातली सुरक्षा, प्रकल्पाची सचोटी. आधार पाठ्यक्रमाला कशाला?

उत्तरपत्रिका (इंदूर)

एक सावधगिरी: सरासरी गुणांची काढा, ग्रेड पॉइंटांची नको. यूजीसीच्या दहा टप्प्यांच्या श्रेणीत पी म्हणजे ४ आणि एफ म्हणजे शून्य. ३८ गुणांनाही शून्य आणि ८ गुणांनाही शून्य. एसजीपीए (सेमेस्टरच्या ग्रेड पॉइंटांची सरासरी) ४ ची अट म्हणजेच एका पेपरातली कमी दुसऱ्यातून भरून काढायचा नियम असं कोणी बैठकीत म्हणेल, तर त्यात रेषेजवळची सगळी माहिती आधीच फेकून दिलेली असते.

परीक्षा_कक्ष (इंदूर)

मसुदा असा करतेय, चूक काढा:

१. मेजरचे दोन आणि मायनरचा एक, या तीन पेपरांचा गट. गटाची सरासरी ४०, प्रत्येकात किमान ३०.
२. ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, आधार पाठ्यक्रम वेगवेगळे पास, पण या तिघांपैकी एकात ३० च्या वर असल्यास माफी.
३. लेखीची ७० पैकी २८ ची अट काढायची, अंतर्गत मिळवून १०० पैकी गुण धरायचे.
४. एकूण तीन प्रयत्न.

शेषफल (ग्वाल्हेर)

तिसऱ्या कलमाने पहिलं कलम बुडतं. उत्तरपत्रिका यांनी दाखवलेले ते २६ गुण तीनही पेपरांत फुकट मिळणार आणि गटाची सरासरी ४० म्हणजे लेखीची सरासरी १४ होणार. गटाचा हिशेब लेखीच्या टक्केवारीवर करा. अंतर्गत आत्ता आहे तशी वेगळी अट राहू द्या. चार चाचण्यांची पद्धत दोन सेमेस्टर चालली आणि प्रमाण विचलन वाढलेलं दिसलं की तेव्हा मिसळा.

दुसरं, तीनच पेपरांच्या गटात त्रुटी ८.२ ÷ √३ = ४.७ राहते. सरासरी ४० ला, किमान अट तूर्त बाजूला ठेवली तर, ४५ वाला ८५ टक्के पास आणि ३५ वाला १५ टक्के. सेपरेटला हेच ३९ आणि २ होते. ३५ वाला १५ टक्के समितीला पचणार नसेल तर गटाची रेषा ४२ करा: ७४ आणि ७. तिन्ही जोड्या एका पानावर ठेवा आणि मतदान त्यावर घ्या, ‘दर्जा’ या शब्दावर नको. माझे १५ आणि ०.७० काढून तुमच्या लेखी पेपरांच्या टक्केवारीतले आकडे घालायला विसरू नका.

सयाजीबाग (वडोदरा)

चौथ्या कलमात लिहा की पुनर्परीक्षेत गटातला कोणताही पेपर देता येईल, आणि नवा गुण जुन्याच्या जागी येईल की दोन्हींतला जास्त धरला जाईल. ‘जास्त’ धरला तर गटाची सरासरी प्रत्येक प्रयत्नाला वरच सरकते, खाली कधीच नाही. ‘नवा’ धरला तर ज्याचं एका गुणाने राहिलंय तो हातातला पेपर पणाला लावायला घाबरेल. मी तरी ‘जास्त’ धरून दोन प्रयत्नांवर थांबलो असतो.

छत्रीबाग (इंदूर)

आणि पूर्णांकाचं कलम विसरू नका. प्रत्येक पेपर आधी पूर्णांकात, मग सरासरी पुन्हा पूर्णांकात, असं दोनदा केलं तर ३९.२ चे ४० होऊ शकतात. अध्यादेशात सरळ लिहा: पेपरचे गुण अपूर्णांकासह जपावेत, गटाची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढावी, ३९.५० पासून पुढे ४० धरावेत, आणि त्यानंतर ग्रेस नाही.

परीक्षा_कक्ष (इंदूर)

तिसरं कलम काढलं, चौथ्यात ‘जास्त धरावा, एकूण दोन प्रयत्न’ घातलं, पूर्णांकाचं पाचवं केलं. मेजरच्या दोन्ही पेपरांच्या २०० प्रतींचे प्रश्नवार गुण टाइप करायला आजपासून दोन जण बसलेत. मायनरचा पेपर मात्र सगळाच ‘कोणतेही पाच’ निघाला, तो मोजणीतून वगळतेय.